फॉक्सप्रोतलं आडतीचं सॉफ्टवेअर नव्या भाषेत न्यायचंय, कोड बदलणारं टूल कोणतं घ्यावं?

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९.१०

रामराम मंडळी. लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलंय. व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस-भाषेत लिहिलेलं. शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराचं बिल, हमाली-तोलाई, बारदाना, उचल, उचलीवरचं व्याज, खातेवही, सगळं त्यातच. सोर्स कोड आहे हे नशीब. लिहिणारे काका आता पुण्याला मुलाकडं असतात. फोन उचलतात, पण "तवा मालक म्हणले म्हणून टाकलं असंल" याच्या पुढं गाडी सरकत नाही.

मालकांना उदगीरच्या दुकानातही हेच हवंय आणि मोबाईलवर बाकी दिसायला हवी. त्यात कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की फॉक्सप्रो ९ नंतर मायक्रोसॉफ्टनं पुढची आवृत्ती काढलीच नाही आणि २०१५ च्या जानेवारीत आधारही बंद केला. तेव्हापासून "नव्या भाषेत कर" हा एकच धोशा.

माझ्यासमोर आता तीन वाटा आहेत. एक, पैसे देऊन मिळणारं कन्व्हर्टर, फॉक्सप्रो घालायचं आणि मायक्रोसॉफ्टच्याच सी शार्प भाषेतला कोड काढायचा. दोन, एआयला एकेक फाईल देत बसायचं. तीन, एक्स शार्प, जे फॉक्सप्रोसारखाच कोड डॉट नेटवर, म्हणजे सी शार्प ज्या पायावर चालते त्यावर, चालवतं म्हणे. कुणी यातलं खरोखर वापरलंय का? जाहिरातीतलं नको, अनुभव सांगा.

वाळूजकर | सोमवार, रात्री ९.४८

टूलचं नाव ठरवायच्या आधी तीन गोष्टी सांगा. कोड किती? स्क्रीन किती? आणि नवा कोड पुढची दहा वर्षं सांभाळणार कोण? तिसऱ्या प्रश्नावरच सगळं ठरतं.

कन्व्हर्टरचे ढोबळ प्रकार असे. काही टूल ओळीला ओळ बदलतात. जिथं नव्या भाषेत तशी आज्ञाच नसते तिथं स्वतःच्या लायब्ररीतलं फंक्शन घालतात. निघालेला कोड कंपाइल होतो (संगणकाला चालवता येईल असा बनतो), चालतोही, पण वाचला तर सी शार्पच्या कपड्यात फॉक्सप्रोच बसलेलं दिसतं, आणि ती लायब्ररी विकणाऱ्याच्या हाती तुमची शेंडी कायमची. काही टूल जुनी भाषाच नव्या पायावर कंपाइल करतात, एक्स शार्प त्यातलं. मुक्त स्रोत आहे, फॉक्सप्रोची बोली ओळखतं, पण फॉक्सप्रोतलं सगळंच्या सगळं त्यात मिळेल असं धरू नका. स्क्रीनचं काम वेगळं बसून पाहावं लागतं. नू-कोबोल हे कोबोल या जुन्या भाषेतल्या कोडचं आधी सी भाषेत रूपांतर करतं आणि मग कंपाइल करतं, तीही हीच जात. तिथं मधला सी कोड कुणी वाचत नाही, वाचायचा नसतोच. तुम्हाला मात्र वाचायचाय.

एआयबद्दल नंतर लिहितो, जेवायला बोलावलंय.

झटपट_सॉफ्ट | सोमवार, रात्री १०.०२

आम्ही कोणतीही भाषा कोणत्याही भाषेत ७ दिवसांत करून देतो. १०० टक्के गॅरंटी. संपर्क [व्यवस्थापन: नंबर काढला आहे. जाहिरातीसाठी वेगळा विभाग आहे.]

मांजराकाठ | सोमवार, रात्री १०.१५

वाळूजकर दादा, तीसेक हजार ओळी असतील. स्क्रीन साठ-सत्तर, त्यातल्या निम्म्या कुणी उघडत नाही. सांभाळणार मीच, आणि पुढं कुणी पोरगं मिळालं तर तो. आमच्याकडं सी शार्प येणारी पोरं मिळतात, फॉक्सप्रो म्हणलं की "ते काय असतं" विचारतात.

जुना_फॉक्स | मंगळवार, सकाळी ६.३०

मी धाराशिवकडचा. हयात साखर कारखान्याच्या ऊसबिलात गेली, तीबी फॉक्सप्रोवर. एक्स शार्प वाईट नाय, पण पोरा, आधी कोडात काय दडलंय ते बघ, मग टूल.

पयलं म्हंजे मॅक्रो. ॲम्परसँडचं चिन्ह लावून व्हेरिएबलमधला मजकूरच आज्ञा म्हणून चालवायची आमची लई सवय. फाईलचं नाव, फिल्टर, कधी कधी आख्खी आज्ञा सुद्धा प्रोग्रॅम चालू असताना जुळायची. कन्व्हर्टरला कोड वाचून त्या जागी काय येणार हे कळूच शकत नाय. ते तिथं एक शेरा टाकून पुढं जातं. तुझ्या कोडात असे मॅक्रो किती, ते आज मोज. पाच-पन्नास असतील तर हातानं काढ. पाचशे असतील तर कन्व्हर्टरचा नाद सोड.

दुसरं, सेट एक्झॅक्ट. ते बंद असलं, आणि न सांगता बंदच असतंय, तर "शिंदे बाबुराव" आणि "शिंदे" ही फॉक्सप्रोच्या लेखी सारखीच. उजवीकडचा मजकूर संपला की तुलना संपली. उलटं केलं तर मात्र सारखी न्हाईत! आमी खातं शोधायला हे मुद्दाम वापरायचो. दोन अक्षरं टाकली की खातं पुढ्यात. सी शार्पात तीच ओळ तशीच दिसंल, चिन्ह बी बरोबरीचंच असंल, पण खातं सापडणार नाय. वरून नावाच्या मागं रकान्याची रुंदी भरायला रिकाम्या जागा असत्यात, त्या वेगळ्याच.

तिसरं, खोडलेल्या नोंदी. डीबीएफमधी, म्हंजे फॉक्सप्रोच्या डेटाच्या फायलीत, डिलीट केलं म्हणून नोंद जात नाय, तिच्यावर खूण पडती. पॅक ही साफसफाईची आज्ञा दिल्याशिवाय ती फायलीतच ऱ्हाती. सेट डिलीटेड चालू असलं की दिसत नाय, एवढंच. डेटा दुसरीकडं नेताना ती खूण बघितली न्हाई तर रद्द केलेल्या पट्ट्या जिवंत हून बसतील.

आन चौथं, स्क्रीनच्या एससीएक्स फायली. त्या आतून डीबीएफच हायेत, कोड मेमो म्हंजे लांब मजकुराच्या रकान्यात. यूज आज्ञेनं उघडत्यात. पण साध्या फाईलवाणी वाचता येत न्हाईत, म्हणून आधी फॉक्सबिनटूपीआरजी नावाचं फुकटचं टूल चालव. सगळं मजकुरात निघतंय. मग एआय असू दे नायतर माणूस, त्याला वाचायला काहीतरी मिळंल.

बिंदुसरा | मंगळवार, सकाळी ९.२०

जुना फॉक्स काका, साष्टांग. हे कोणत्याच कन्व्हर्टरच्या माहितीपुस्तकात वाचलं नव्हतं.

मी बीडची, आता संभाजीनगरात वित्तसंस्थांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. माझी भर पैशाबद्दल. मांजराकाठ, तुमच्या पट्टीत शेवटी रुपया पूर्ण करत असतील. समजा १२.३५ क्विंटल सोयाबीन, भाव ४,३५०. रक्कम ५३,७२२ रुपये ५० पैसे. फॉक्सप्रोचं राउंड याचे ५३,७२३ करतं. सी शार्पचं मॅथ राउंड आणखी काही न सांगता वापरलं तर ५३,७२२ देतं. पायथन ३ चं राउंडही ५३,७२२. हे दोघं नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडं जातात. रक्कम ५३,७२३.५० असती तर मात्र तिघांचंही उत्तर ५३,७२४. म्हणजे फरक दर वेळी पडत नाही, कधीतरीच पडतो, आणि दहा पट्ट्या तपासून "बरोबर आहे" म्हणणाऱ्याला तो सापडत नाही. शेतकऱ्याला मात्र सापडतो, कारण तो घरी आकडेमोड करतो.

जावास्क्रिप्टचं आणखी वेगळं. उणे २.५ चं ते उणे २ करतं, फॉक्सप्रो उणे ३. परतीच्या नोंदी उणे आकड्यात असतील तर ध्यानात ठेवा. आणि एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रे या डेटाबेसांच्या दशांश प्रकारातलं राउंड फॉक्सप्रोसारखंच वागतं. म्हणजे तीच रक्कम डेटाबेसच्या अहवालात एक आणि स्क्रीनवर दुसरी, असाही प्रकार होतो. सी शार्पमध्ये "शून्यापासून दूर" असा पर्याय स्पष्ट द्यावा लागतो आणि आकड्याचा प्रकार डेसिमल (नेमका दशांश) ठेवावा लागतो, डबल (अंदाजे दशांश) नाही. माझ्याकडं कुणी कन्व्हर्टर विकायला आलं तर मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि बहुतेकांना तो कळत नाही.

तुमच्या तिन्ही वाटांवर माझं मत: टूल कोणतंही घ्या, जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहायची सोय आधी तयार करा. गेल्या काही वर्षांच्या सगळ्या पट्ट्या तुमच्याकडं आहेतच. वजन, भाव, पोती ही माहिती नव्या कोडला द्या, येणारी रक्कम जुन्या छापील रकमेशी जुळते का पाहा. सगळ्याच्या सगळ्या, निवडक नाही. संगणकाला काय, लाखभर पट्ट्या म्हणजे चहा होईस्तोवर.

गोदातीर | मंगळवार, दुपारी १.०५

मध्येच विचारतो, माफ करा. मी नांदेडला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला सी प्लस प्लस ते पायथन कन्व्हर्टर करायचा विचार आहे. हा विषय चांगला आहे का? मार्गदर्शकांनी "रेडिमेड आहेत ना" म्हणून नाक मुरडलंय.

वाळूजकर | मंगळवार, दुपारी १.४०

विषय चांगला, पण आवाका कमी कर. फेसबुकच्या संशोधकांनी २०२० मध्ये ट्रान्सकोडर केलं होतं, सी प्लस प्लस, जावा आणि पायथन यांच्यात फंक्शन बदलणारं. त्यात शिकण्यासारखं म्हणजे निकाल कसा मोजला ते. बदललेला कोड मूळ उत्तराशी अक्षराला अक्षर किती जुळतो यावर भर न देता, तो चालवून तीच उत्तरं येतात का हे पाहिलं. तूही तसंच मोज. भागाकार आणि बाकी यांवरच एक प्रकरण होईल. सी प्लस प्लसमध्ये उणे ७ भागिले २ म्हणजे उणे ३, पायथनच्या पूर्णांक भागाकारात उणे ४.

जुनी टूलंही बघ. एफटूसी १९९० चं आहे, फोरट्रान या जुन्या भाषेचं सी करतं. पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीच्या आत लॅपॅक या फोरट्रानमधल्या गणिती संग्रहाचा जो छोटा भाग येतो तो त्यातूनच निघालेला. तो कोड कुणी हातानं दुरुस्त करत बसत नाही. उलट सीटूरस्ट हे सीचं रस्ट या भाषेत रूपांतर करतं, पण निघणारं बहुतेक सगळं रस्ट "अनसेफ" खुणेखाली असतं, म्हणजे भाषेच्या काही सुरक्षा-तपासण्या तिथं लागू नसतात. ज्या सुरक्षिततेसाठी रस्टकडं जायचं ती पुढं माणसानं घडवायची. दोन्ही टूल आपापल्या जागी बरोबर.

आता मांजराकाठ, एआय. फाईल दिली की दोन मिनिटांत सुंदर सी शार्प मिळतो. वाचायला कन्व्हर्टरपेक्षा कितीतरी बरा. पण काकांनी सांगितलेलं सेट एक्झॅक्ट कुठल्या तरी सुरुवातीच्या फाईलमध्ये एकदाच लिहिलेलं असतं. ती फाईल त्याच्यासमोर नसेल तर त्याला ते ठाऊकच नसतं, आणि न विचारता तो नेहमीची बरोबरी लावून मोकळा होतो. कन्व्हर्टर अडला की शेरा टाकतो, एआय अडत नाही, हाच धोका. शिवाय एका फाईलमध्ये खात्याला एक नाव देईल, दुसरीत दुसरं. मी ते कोड समजून घ्यायला वापरतो. "हे फंक्शन काय करतंय, कोणत्या बाहेरच्या गोष्टींवर अवलंबून आहे" असं विचारलं की काम चोख होतं.

आणि हो, डीबीएफ फायली कुठल्याही ऑनलाइन टूलवर चढवू नका. त्यात शेतकऱ्यांचे मोबाईल आणि बँक खाते क्रमांक आहेत. कोड द्या, डेटा नको.

कुंथलगिरी_पेढा | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

सगळ्यांची माफी मागून विचारतो. बदलायचंच कशाला? फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम विंडोज ११ वर चालतोय ना? ३२ बिटचा आहे, पण चालतोय. काट्यावर पोतं आलं की मुनीम न बघता कळा दाबतो आणि पट्टी बाहेर. तुमची वेबवाली स्क्रीन त्या वेगानं चालणार नाही, लिहून घ्या. मालकांना मोबाईलवर बाकी पाहिजे तर बाकीपुरतं नवं करा. डीबीएफ वाचणारी लायब्ररी पायथनमध्ये आहे, डॉट नेटमधूनही वाचता येतं.

बाय द वे, सोयाबीनला काय भाव निघाला आज?

जुना_फॉक्स | मंगळवार, संध्याकाळी ७.५५

पेढेवाले, भावासाठी दुसरा धागा काढा. पण पहिलं बोललात ते सोळा आणे.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री १०.४०

पेढा दादा, उदगीरचं काय? डीबीएफ दोन गावांतून इंटरनेटवरून उघडायची म्हणजे इंडेक्सचं (नोंदी शोधायच्या सूचीचं) वाटोळं ठरलेलं. आणि एका डीबीएफला २ जीबीची मर्यादा आहे, ती आज दूर असली तरी आहे.

मॅक्रो मोजले. पन्नासच्या वर, शंभरच्या आत, आणि बहुतेक अहवालांच्या फिल्टरमध्ये. पट्टीच्या हिशेबात एकही नाही, हे बघून जिवात जीव आला.

बुधवार पूर्ण यालाच देणार. पट्टीचा भाग तिन्ही वाटांनी करून बघतो.

वाळूजकर | बुधवार, सकाळी ८.१५

करून बघाच. तोवर दोन उदाहरणं सांगतो, कारण "स्वयंचलित बदल होतच नाही" असा सूर लागायला नको.

गो भाषेचा कंपायलर (कोड चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) सीमध्ये लिहिलेला होता. २०१५ च्या ऑगस्टमधल्या १.५ आवृत्तीत तो गोमध्ये आला, आणि तो बदल एका प्रोग्रॅमनं केला. पण तो प्रोग्रॅम जगातल्या कुठल्याही सीसाठी नव्हता, त्यांच्याच सीसाठी खास लिहिलेला. काम झालं आणि टूल बाजूला. निघालेला कोड सुरुवातीला हळू होता, त्या आवृत्तीत बिल्डला साधारण दुप्पट वेळ लागायचा. सुधारणा नंतर. म्हणजे भाषा बदलणं आणि कोड सुधारणं ही दोन कामं त्यांनी एकत्र केली नाहीत.

दुसरं, टाइपस्क्रिप्ट भाषेचा कंपायलर. मायक्रोसॉफ्टनं २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की तो गोमध्ये नेतोय. जाहीर करणारे अँडर्स हेल्सबर्ग, म्हणजे ज्यांनी सी शार्प घडवली तेच. तरी सी शार्प नाही घेतली! कारण जुन्या कोडची ठेवण गोला जवळची होती, फंक्शनमागून फंक्शन तसंच नेता येत होतं. आपल्याकडं भाषा निवडताना फॅशन बघतात किंवा पोरं कोणती भाषा शिकलीत ते बघतात. दुसरं कारण वाईट नाही, पण जुन्या कोडची ठेवणही विचारात घ्या.

बिंदुसरा | बुधवार, सकाळी ११.००

याला जोडून व्हीबी ६ ची, म्हणजे जुन्या व्हिज्युअल बेसिक भाषेची गोष्ट. व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्येच, जुना कोड नव्या व्हिज्युअल बेसिकमध्ये नेणारा अपग्रेड विझार्ड यायचा, २०१० च्या आवृत्तीत काढून टाकला. जुना इंटिजर १६ बिटचा, नवा ३२ बिटचा, हे त्याला बरोबर कळायचं, तो त्याचा शॉर्ट (नवा १६ बिटचा प्रकार) करायचा. भाषेचं तो चोख करायचा. पण एका पतसंस्थेचं काम आमच्याकडं आलं तेव्हा खरा त्रास "ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट"चा होता. चूक झाली तरी पुढं चला, अशी ती आज्ञा. विझार्डनं ती इमानदारीनं जशीच्या तशी नेली, कारण नव्या भाषेतही ती चालते. जुन्या चुका गिळल्या जात होत्या, त्या नव्या सॉफ्टवेअरमध्येही गिळल्या जायला लागल्या. कन्व्हर्टरला दोष देता येत नाही.

मांजराकाठ | गुरुवार, रात्री ९.३०

करून बघितलं, सांगतो.

कन्व्हर्टरची चाचणी आवृत्ती: पट्टी कंपाइल झाली, रकमाही बहुतेक जुळल्या, कारण राउंड त्यांच्याच लायब्ररीतून फॉक्सप्रोसारखं वागत होतं. हे मानलं पाहिजे. पण कोड वाचवंना. दर ओळीला त्यांच्या लायब्ररीची हाक. मी उद्या मेलो तर पुढच्या पोराला आधी फॉक्सप्रो शिकावं लागंल, मग ती लायब्ररी.

एआय: वाचायला सगळ्यात चांगला. बिंदुसराताईंनी सांगितलेला अर्ध्या रुपयाचा घोळ तंतोतंत तसाच निघाला. सांगितल्यावर दुरुस्त केला, पण उचलीचं व्याज काढताना रिकाम्या तारखेवर अडखळला. फॉक्सप्रोत तारीख रिकामी ठेवता येते, आमच्याकडं "उचल अजून फिटली नाही" याचा अर्थच रिकामी तारीख. सी शार्पात साधी तारीख रिकामी नसते, त्यानं तिथं वर्ष १ टाकलं. व्याजाचे दिवस किती निघाले असतील बघा.

एक्स शार्प: हिशेबाचा भाग थोड्या फेरफारानं चालला. स्क्रीन नाही.

पण एक नवीनच भूत निघालं. खातेदारांची नावं नव्या स्क्रीनवर निव्वळ कचरा दिसायलीत. इंग्रजी चिन्हं आणि चौकोन. काय करावं?

जुना_फॉक्स | शुक्रवार, सकाळी ६.१०

फाँट कोणता हाय बघ. सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपायच्या सॉफ्टवेअरचा सुरेख असंल नायतर श्रीलिपी. त्या काळी आपल्याकडं युनिकोड, म्हंजे सगळ्या लिप्यांसाठीचे ठरलेले नंबर, वापरात नव्हतं. फाँटमधी अक्षराचं चित्र ज्या नंबरावर, तोच नंबर फायलीत. ह्याचा कोडाशी काय बी संबंध नाय, हे डेटाचं काम. फाँटापरमाणं वेगळा कन्व्हर्टर लागतो. आन ऱ्हस्व वेलांटी त्यात अक्षराच्या आधी साठवलेली असती, रफार नंतर. युनिकोडात दोन्हीची जागा उलटी. म्हणून नुस्तं नंबराला नंबर बदलून भागत नाय. बदलल्यावर "र्मि", "र्ति" असली जोडाक्षरं मुद्दाम शोधून तपास. "मूर्ती", "कीर्ती", "धर्मा" अशी नुसत्या रफाराची नावं बी आपल्याकडं लई.

कुंथलगिरी_पेढा | शुक्रवार, सकाळी १०.४५

आणि हे सगळं बदलायचं कधी? दिवाळीच्या तोंडावर यार्डात सोयाबीनचे ढीग लागलेले असताना नवी स्क्रीन दाखवली तर मुनीम तुम्हाला बारदान्यात बांधून टाकंल. जानेवारीपासून तूर, मग हरभरा. पेरणीच्या दिवसांत आवक कमी असते, तेव्हा काय ते करा.

मांजराकाठ | शनिवार, संध्याकाळी ६.२०

मालकांशी बसून ठरवलं. पूर्ण कन्व्हर्टर घेत नाही. काट्यावर फॉक्सप्रो तसंच चालू राहील, पेढा दादा जिंकले. पट्टी आणि व्याज हे दोन हिशेब एआयच्या मदतीनं सी शार्पात, डेसिमलमध्ये, आणि जुन्या सगळ्या पट्ट्या जुळल्याशिवाय उदगीरला पाठवायचे नाहीत. उदगीर नव्यावर सुरू होईल, तेही पेरणीच्या दिवसांत. मॅक्रोवाले अहवाल बदलायचेच नाहीत, जे खरंच लागतात तेवढे नव्यानं लिहायचे. मालकांनी यादी बघून निम्म्यांवर काट मारली.

ताडून पाहायचा प्रोग्रॅम आजच लिहायला घेतला, पण डीबीएफ उघडतानाच "प्रोव्हायडर रजिस्टर्ड नाही" असं म्हणायलंय. फॉक्सप्रोचा ओएलई डीबी ड्रायव्हर, म्हणजे डीबीएफ दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडून देणारा, टाकलाय.

बिंदुसरा | शनिवार, संध्याकाळी ६.४०

तो ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे. प्रोजेक्ट एक्स८६ वर, म्हणजे ३२ बिटवर ठेवून बिल्ड करा. आणि खोडलेल्या नोंदी वगळायचं विसरू नका, जोडणीच्या ओळीत तो पर्याय देता येतो.

मांजराकाठ | शनिवार, संध्याकाळी ७.०५

चाललं. पहिल्याच वर्षाच्या पट्ट्यांत काही रकमा जुळंनात, सगळ्या एकाच खरेदीदाराच्या. पुण्याच्या काकांना फोन लावतो.